साडूंनी पास केलेली कोळंबी

आमच्या साडूंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय तोंडात घातलेली नाही. जन्मल्यावर त्यांना मध चाटवला असेल, तेव्हासुद्धा त्यांनी आधी वास घेतला असणार आणि मगच जीभ बाहेर काढली असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. नगरहून पुण्याकडे निघालं की केडगावात त्यांचं घर लागतं. पुढे ओटा, वर एक खोली, मागे अंगण आणि अंगणात कडुलिंब. साडूंची सगळी नोकरी दूध संकलन केंद्रावर दूध तपासण्यात गेली. गावोगावच्या कॅनमध्ये नाक घालायचं, एक थेंब जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पास." किंवा म्हणायचं, "नापास." यापलीकडे ते कामावर तिसरा शब्द बोलल्याचं कुणाला आठवत नाही. निवृत्त झाले तेव्हा केंद्राने त्यांना शाल आणि नारळ दिला. साडूंनी भर समारंभात नारळ कानाशी धरून हलवला आणि हार घालायला पुढे आलेल्या अध्यक्षांना सांगितलं, "पाणी कमी हाय."

निवृत्तीनंतर तपासायला दूध उरलं नाही, म्हणून त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. लग्नाच्या पंगतीत ते ताटापुढे हात जोडल्यासारखे बसून राहतात आणि शेजारच्या पाहुण्याकडे टक लावून बघतात. पाहुण्याने दोन घास खाल्ले, पाणी प्यायला आणि तरीही तो बसल्या जागी धडधाकट राहिला, की मग साडू मठ्ठ्याला हात लावतात. कलिंगडवाले त्यांना लांबून ओळखतात आणि गाडी पुढे ढकलतात. मुलासाठी मुलगी बघायला हे आम्हा सगळ्यांना घेऊन कोकणात हर्णैला गेले, तेव्हा होणाऱ्या विहीणबाईंनी पुढे केलेल्या चहाचा त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "दूध पावडरीचं दिसतंय." माझी बायको टेबलाखालून त्यांना पाय मारायला गेली, तो मला लागला. विहीणबाई मात्र पक्क्या. "हो ना," त्या म्हणाल्या, "आमच्या म्हशी समुद्रात चरत नाहीत ना, त्यामुळे अडचण होते." एवढं होऊनही ते लग्न जमलं, याचं सारं श्रेय मी मुलीला देतो. मानसी तिचं नाव. त्या चहानंतरही ती पडद्याआड तोंड दाबून हसत होती, हे मी स्वतः पाहिलं आहे.

साडूंची आणखी एक सवय सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट सांगता येणार नाही. ती म्हणजे राखीव नमुना. केंद्रावर नियम होता म्हणे: दुधाचे दोन नमुने काढायचे, एक तपासायचा आणि दुसरा झाकून, चिठ्ठी लावून, गार जागी ठेवून द्यायचा. पुढे वाद झालाच तर तो उघडायचा. साडूंनी हा नियम घरी आणला. आक्काचा फ्रिज उघडा, आत वाट्याच वाट्या. प्रत्येकीवर ताटली आणि ताटलीवर चिठ्ठी: 'आमटी, मंगळवार.' 'पिठलं, काल.' आक्का वैतागून म्हणते, "माज्यासंगं वाद घालायला ह्यांना आमटीचा नमुना कशाला लागतोय? तसा काय कमी घालत्यात का?" आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. पुढे एका सोमवारी मी त्या राखीव नमुन्यापुढे मनातल्या मनात हात जोडले, ती ही हकीकत.

लग्नाला वर्ष झालं आणि मानसीला दिवस गेले. घरात आनंदीआनंद. मुलगा तेव्हा नोकरीच्या कामाने परगावी होता. पण तिसऱ्या महिन्यात तिचं अन्नपाणीच तुटलं. काही म्हणजे काही पोटात राहीना. आक्काने मऊ भात केला, मुगाचं कढण केलं, लिंबाचं लोणचं चाटवलं. खाल्लं की पाचव्या मिनिटाला ती मोरीकडे धावायची. एकदा दोन दिवस दवाखान्यात ठेवून सलाइन लावून आणली. घरी आली ती वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. हसरी पोरगी, पण बोलेनाशी झाली. डॉक्टरीणबाईंनी रविवारी बजावलं, "तिला जे खावंसं वाटेल ते द्या. मात्र ताजं हवं आणि नीट शिजलेलं हवं. मंगळवारपर्यंत पोटात काही टिकलं नाही, तर पुन्हा दाखल करावं लागेल." त्या संध्याकाळी आक्काने उशाशी बसून तिला विचारलं, काय खावंसं वाटतं गं बाळा? मानसीने आधी नुसती मान हलवली, काही नको म्हणून. मग उशीत तोंड खुपसून म्हणाली, "कोळंबी."

आता या घरात कोळंबी म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. आक्का माळकरी. तिच्या स्वयंपाकघरात देव्हारा आहे. तिथे अंडंसुद्धा चुकून शिरलेलं नाही. घरातल्या पुरुषांना मटण लागतं, पण ते मागच्या अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेल्या वेगळ्या पातेल्यात, पुरुषांनीच शिजवायचं आणि पुरुषांनीच भांडी घासायची. साडूंच्या हातचं मटण म्हणाल तर काळ्या मसाल्याचं, तर्री कोपरापर्यंत येईल असं. पण मासा त्यांच्या चुलीला ठाऊक नाही. आमचा मुलूखच कोरडा. समुद्र आम्ही सहलीला जाऊन बघतो आणि घरी येऊन चपलांतली वाळू झटकतो. त्यात दुसरा दिवस सोमवार. साडू जिन्याच्या पायरीवर बोटं मोजत बसले होते: सोमवार जमत नाही, मंगळवारी चतुर्थी, म्हणजे बुधवार. आक्काने हे ऐकलं आणि ती कडाडली, "पोटुशी बाई मागती आन् तुमी वार काय मोजताय? उद्या आना. देवाला काय सांगायचं ते मी सांगते!"

सोमवारी सकाळी सातला मला फोन. "साडूभाऊ, या. न्याहारी करू नका." मला वाटलं, तिकडे काही खायला केलं असेल. गेलो तर साडू दारात तयार उभे. खांद्याला पिशवी, पिशवीत ॲल्युमिनियमची झाकणाची दुधाची किटली आणि सदऱ्याच्या खिशात केंद्रावरून आणलेलं थर्मामीटर. मी सुचवलं की हर्णैला विहीणबाईंना फोन करून कृती विचारून घेऊ. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्कूटर सुरू केली. "त्यांना इचारू? चहाचं अजून इसरल्या न्हाईत त्या. आन् काय अवघड हाय त्यात? मटन येतंय आपल्याला. ह्ये तर बोटभर जनावर."

मासळीबाजारात मुंबईकडचा माल माळशेज घाटातून टेम्पोने येतो, बर्फात दाबून. एका मावशींच्या टोपलीपुढे साडू उकिडवे बसले, एक कोळंबी उचलली, नाकाशी नेली आणि विचारलं, "कधी मेली ही?"

"मयताचा दाखला न्हाई दिला मला कुनी," मावशी म्हणाल्या.

साडूंनी थर्मामीटर काढून बर्फात खुपसलं. भोवती माणसं जमली. मागून कुणीतरी काळजीने विचारलं, "ताप हाय का हो?" साडूंचं लक्ष नव्हतं. त्यांनी एकेक कोळंबी उजेडात धरून कवच दाबून पाहिलं, डोकं घट्ट आहे का ते पाहिलं, पाठ पाहिली, पोट पाहिलं. मावशींचा धीर सुटला. "आवो, पोरगी बघायला आलाय का कोळंबी घ्यायला? वास घेऊन घेऊनच संपवाल सगळी!" मी हळूच मावशींना सांगितलं की घरात गरोदर सून आहे, आठ दिवस उपाशी आहे. मावशींचा चेहरा एकदम बदलला. समोरची टोपली त्यांनी बाजूला सारली, मागची पेटी उघडली आणि त्यातली मोठी मोठी निवडून किटलीत घातली. वर दोन ओंजळी बर्फ घातला. "पाठीतला काळा धागा काढा बरं का. पोरीला त्रास व्हायला नको." साडूंनी किटलीत नाक घातलं, डोळे मिटले. बाजार थांबला. "पास," साडू म्हणाले.

घरी येऊन आम्ही शेडमध्ये पाट टाकून बसलो. आम्हा दोघांना सोलायची एकच गोष्ट माहीत, भुईमुगाच्या शेंगा; त्याच पद्धतीने आम्ही कोळंबी फोडायला घेतली. ती दाबली की सुळकन उडायची. एक माझ्या चष्म्यावर बसली, एक कडुलिंबाखालच्या मांजरीने वरच्या वर झेलली. धागा काढायला साडूंनी गोधडी शिवायचा दाभण आणला. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, एका हातात दाभण, दुसऱ्या हातात बोटभर कोळंबी, आणि श्वास रोखलेला. प्रत्येक धागा निघाला की त्याचा वास घेऊन "नापास!" म्हणून राखेत टाकायचे. आक्का मागच्या दारात, उंबऱ्याच्या आत पाय ठेवून उभी होती आणि पदराने नाक झाकून तिथूनच हुकूम सोडत होती, "पानी बदला! तीनदा धुवा! हात धुवा आधी!"

सोलून झाली तशी साडूंनी सवयीप्रमाणे दोन वाटे केले. निम्मी कोळंबी पुन्हा किटलीत, नव्या बर्फात, आणि किटली ओल्या पोत्यात. झाकणावर चिठ्ठी: 'राखीव, सोमवार.' मी म्हटलं, "अहो, आज तरी पुरे करा. पोरगी उपाशी आहे, घाला सगळी." ते म्हणाले, "नेम म्हंजी नेम." मग उरलेल्यातली एक उकळत्या पाण्यात टाकून, वाटीत काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. न्याहारी करू नका, याचा अर्थ मला तेव्हा कळला.

"मी?"

"दोन तास बघू. अंगावर काय उठतंय का, पोटात काय व्हतंय का."

"आणि तुम्ही का नाही खात?"

"मला काय झालं तर तिला करून कोन घालंल?"

 मी खाल्ली. दोन तास मला कडुलिंबाखाली खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. दर पंधरा मिनिटांनी साडू येत, जीभ बाहेर काढायला लावत, डोळ्याची पापणी उलटून बघत, मनगट दाबत. मध्येच बायकोचा फोन आला. मी तिला परिस्थिती सांगितली. "बरं," ती म्हणाली, "कपाटाच्या किल्ल्या कुठं ठेवल्यात तेवढं सांगून ठेवा." दोन तासांनी साडूंनी माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "पास." लग्नानंतर माझ्याबद्दल चांगला शब्द काढणारे सासरच्यांपैकी ते पहिलेच.

मग चूल पेटली. खोबरं भाजलं, कांदा भाजला, काळा मसाला परतला, आणि त्या रटरटत्या रश्श्यात कोळंबी पडली. साडूंनी वर झाकण ठेवलं, झाकणावर पाणी ठेवलं, आणि आम्ही निवांत तमाखू मळायला बसलो. अर्ध्या तासाने त्यांनी त्याच दाभणाने एक टोचून बाहेर काढली आणि चावली. जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. "कच्ची हाय." दोन लाकडं आणखी सारली. तासाने पुन्हा एक. यावेळी ती दाताखालून सटकली. "लई कच्ची. कडक हाय अजून." मटण शिजवणाऱ्याचं शास्त्र सरळ असतं: कडक लागतंय म्हणजे शिजलेलं नाही, आणि शिजलेलं नाही म्हणजे जाळ कमी पडतोय. मीही याच मुलखातला. मी फुंकणीने जाळ वाढवला. डॉक्टरीणबाईंचं 'नीट शिजलेलं' साडूंच्या डोक्यात घण घालत होतं. कोळंबी जितकी कडक होई तितका आम्ही जाळ वाढवत होतो, आणि जितका जाळ वाढवू तितकी ती कडक होई. बोटाएवढी होती ती करंगळीच्या पेराएवढी झाली. साडूंच्या कपाळावर घाम. अडीच तासांनी त्यांनी आणखी एक चावून पाहिली आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात भीती ऐकू आली. "साडूभाऊ, काय चुकतंय हो? उद्या मंगळवार हाय."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आठ दिवस अंथरुणाला खिळलेली मानसी भिंतीला धरून उतरत होती. आक्का धावली. मानसी मागच्या दारात येऊन टेकली. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, पण नाकपुड्या हलत होत्या. "बाबा," ती म्हणाली, "मघापासून वास येतोय. किती वेळ शिजतेय?"

"अडीच तास झाले पोरी. पर व्हईल. काळजी करू नको, आनिक अर्धा तास."

मानसीने पातेल्याकडे पाहिलं, साडूंच्या हातातल्या दाभणाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फुंकणीकडे पाहिलं आणि ती पायरीवर मटकन बसली. आम्हाला वाटलं, चक्कर आली. पण तिचे खांदे गदगदत होते. पोरगी हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आक्काचा पदर तोंडात धरून हसत होती. आठ दिवसांत त्या घरात हसण्याचा आवाज पहिल्यांदा झाला होता. "तीन मिनिटं, बाबा," ती कसंबसं म्हणाली. "कोळंबीला तीन मिनिटं पुरतात." मग हसू थांबलं, आणि लहान मुलाच्या आवाजात तिने विचारलं, "सगळीच घातलीत का हो त्यात?"

मी साडूंकडे पाहिलं. साडू उठले, शेडमध्ये गेले आणि बर्फ खुळखुळणारी किटली तिच्यापुढे आणून ठेवली. तिने चिठ्ठी वाचली. 'राखीव, सोमवार.' सांगतो, अध्यक्षांच्या हातून शाल घेतानासुद्धा हा माणूस इतका ताठ उभा नव्हता.

पुढचं सगळं मानसीने पायरीवर बसून सांगितलं आणि साडूंनी केलं. वेगळी लोखंडी कढई, तेल, ठेचलेला लसूण, हळद, तिखट, मीठ, आणि तिच्या माहेरच्या डब्यातली चार आमसुलं. कोळंबी पडली तशी ती पाठ वळवून केशरी होऊ लागली. साडूंच्या हातात घड्याळ. एक मिनिट. दोन मिनिटं. "आता काढायची तयारी करा," मानसी म्हणाली. साडूंचा हात कढईकडे जाईना. "कच्ची राह्यली तर? डॉक्टरीणबाई म्हनल्या, नीट शिजलेलं." "बाबा, काढा!" "आनिक येकच मिनिट..." "बाबा!" या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या शब्दावर कधी साधा गुळाचा खडासुद्धा तोंडात घातला नव्हता. त्याने डोळे घट्ट मिटले आणि कढई खाली उतरवली. न तपासता. नाकाशीही न नेता.

मानसीने गरम भाताबरोबर खाल्ली. पहिली, दुसरी, तिसरी. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो. मांजरसुद्धा बघत होती. मग खरी परीक्षा सुरू झाली. पाच मिनिटं झाली. साडू मोरीच्या दाराकडे बघत होते. दहा मिनिटं झाली. आक्का तोंडातल्या तोंडात पांडुरंगाला काहीतरी समजावत होती. पाऊण तास झाला आणि मानसीची मान आक्काच्या मांडीवर कलली. आम्ही घाबरून वाकलो. पोरगी झोपली होती. चांगली घोरत होती. साडूंनी इतका मोठा श्वास सोडला, की चुलीतली राख उडाली. मग ते गुपचूप ते अडीच तासांचं पातेलं घेऊन बसले आणि त्यातली कोळंबी एकेक करून चावू लागले. एक मलाही दिली. मी ती सहा वाजेपर्यंत चघळत होतो. आणि आक्काने काय करावं? मानसीचं डोकं हळूच उशीवर ठेवून तिने ते कोळंबीचं ताट उचललं, जन्मात पहिल्यांदा, आणि मोरीत बसून स्वतःच्या हाताने घासलं. मग मुकाट्याने अंघोळीला गेली. मंगळवारी दवाखान्यात जावं लागलं नाही.

नात आता तीन वर्षांची आहे. तिला कुठलाही पदार्थ द्या, ती आधी आजोबांच्या नाकाशी नेते आणि "आबा, पास?" असं विचारते. आबांनी पास म्हटल्याशिवाय ती घास खात नाही. गेल्या हिवाळ्यात साडू बरेच आजारी होते. त्यातून उठले, पण वास गेला तो परत आला नाही. त्यांनी हे कुणालाही सांगितलेलं नाही. मला कळलं ते जवळच शेगडीवर दूध उतू जाऊन करपत होतं आणि ते तिथेच बसून पेपर वाचत होते, तेव्हा.

परवा त्यांच्याकडे गेलो, तर हर्णैहून कोळंबी आली होती. मागच्या अंगणात तीच चूल. मानसीने पाठमोरी होऊन, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, कोळंबी नाकाशी नेली, नीट वास घेतला, आणि मग ताटली साडूंच्या पुढे धरली. "बाबा, बघता का जरा?" साडूंनी एक उचलली. नाकाशी धरली. डोळे मिटले. नात त्यांच्या गुडघ्याला धरून वर बघत होती. किती तरी वेळ ते तसेच थांबले. ते कुठला वास आठवत होते, कोण जाणे. "पास," ते म्हणाले. मानसीने मान डोलावली, जणू तिचा जीव भांड्यात पडला. मी कडुलिंबाकडे बघत राहिलो. चुलीपाशी साडूंनी घड्याळ हातात घेतलं आणि कढई बरोबर तीन मिनिटांनी खाली उतरली.